उत्तर: उत्तर: सहलीचं पत्रक, थांब्यांची नावं उद्या सहापर्यंत हवीत

प्रेषक: हेमंत (सहल समिती, सध्या नागपुरात)
मंगळवार, दुपार

मंडळी,

मुलांना नागपूर दाखवायच्या आपल्या डिसेंबरातल्या सहलीचं पत्रक उद्या संध्याकाळी सहाला छापायला जाते. बाकी सगळं झालं, फक्त थांब्यांच्या नावांवर अडलो आहे. मागच्या वर्षी अर्धे लोक मॉलच्या एका दारात अन् बस दुसऱ्या दारात, पाऊण तास गेला. तसं यंदा व्हायला नको, सोबत लहान मुलं आहेत.

वंदनाताईंच्या यादीत क्रम असा आहे: व्हिक्टोरिया कॉलेज, महाराजबाग, सीताबर्डीचा किल्ला, एम्प्रेस मिल, जुम्मा तलाव, महाल. आज ड्रायव्हरदादांना ती वाचून दाखवली. पहिल्याच नावाला त्यांनी विचारलं, "हे कुठं आलं?" एम्प्रेस म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यापुढे मिलच्या जागी झालेला मॉल आला. जुम्मा तलाव त्यांना बरोबर कळला, पण फोनच्या नकाशात गांधीसागर लिहिलेलं, म्हणजे मागून गाडीने येणारे चुकणार.

माझ्या मते सरळ आजची नावं टाकावी. हो की नाही तेवढं कळवा.

हेमंत

---

प्रेषक: वंदनाताई
मंगळवार

हेमंत, नाही.

यादी मी तीन वर्षांपूर्वी केली ती बसथांबे म्हणून केली नव्हती. सहलीचा विषयच मुळी "राजघराण्यांची नावं ल्यायलेलं नागपूर" असा ठरला होता, आणि तो कार्यकारिणीत माझ्या आग्रहाने ठरला. नावंच काढली तर मुलांना दाखवायचं काय? भिंती?

सायन्स कॉलेज आपण सगळे म्हणतो. ते १९०६ साली निघालं तेव्हा त्याचं नाव व्हिक्टोरिया कॉलेज ऑफ सायन्स होतं. राणी १९०१ मध्ये वारली, तिचं स्मारक म्हणून हे कॉलेज. पुतळ्याऐवजी प्रयोगशाळा उभी राहिली, ही गोष्ट मुलांना सांगायची आहे मला. एम्प्रेस मिलचंही तसंच. जमशेटजी टाटांनी ती १ जानेवारी १८७७ ला सुरू केली. त्याच दिवशी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर झालं, म्हणून "एम्प्रेस". कंपनीचं खरं नाव सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी. ते नाव नागपुरात कुणाच्या तोंडी बसलं नाही.

दारांचा घोळ नावामुळे झाला नव्हता. कोणतं दार ते पत्रकावर लिहिलं नव्हतं, म्हणून झाला. आणि पत्रक तेव्हा माझ्याकडे नव्हतं, एवढं नोंदवून ठेवते.

---

प्रेषक: सुहास (कोषाध्यक्ष)
मंगळवार, रात्र

दोन्ही नावं छापली तर एका पानाची दोन पानं होतील. अंदाजपत्रकात एकच पान आहे, पाठपोट छापलं तरी दर बदलतो.

दुसरं असं, की जिने या देशात पाऊल टाकलं नाही त्या राणीचं नाव आपण आपल्या पोरांच्या हातात छापून का द्यायचं? मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनसचं १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमलाही महाराजांचं नाव लागलं. सगळा महाराष्ट्र पुढे गेला आणि आपण मागे चाललो. आणि हा न्याय लावायचा तर आपण जेवणाच्या ठिकाणाची खूण "मेयो हॉस्पिटलच्या बाजूला" अशी दिली आहे, तीही काढा. तिथे इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालय आहे.

---

प्रेषक: वंदनाताई
मंगळवार, रात्र

मेयो राजघराण्यातला नव्हता, व्हाइसरॉय होता. १८७० मध्ये खामगावची रेल्वे सुरू करायला तो वऱ्हाडात येऊन गेला आणि १८७२ मध्ये अंदमानात मारला गेला. मॉरिस कॉलेजचे मॉरिससुद्धा चीफ कमिशनर होते, राजे नव्हेत. यादीत कोण बसतं आणि कोण नाही हे मी तपासून ठेवलेलं आहे.

मुंबईचा दाखला अर्धाच दिलात. परळचं केईएम अजून केईएमच आहे, म्हणजे राजा सातव्या एडवर्डच्या स्मारकाचं नाव घेऊनच रोज हजारो रोगी उपचार घेऊन जातात. आपल्याकडे अमरावतीचं किंग एडवर्ड कॉलेज मात्र विदर्भ महाविद्यालय झालं. नाव बदललं तिथेही तिथले जुने विद्यार्थी आधीचं नाव प्रेमाने घेतात.

---

प्रेषक: माईकाकू
बुधवार, पहाट

हेमंत, मुलगी टाइप करून देते आहे. थोडं लांबेल.

माझे वडील एम्प्रेस मिलमध्ये होते, साच्यावर. आजोबाही तिथेच. आम्ही गणेशपेठेत राहायचो. घरात घड्याळ नव्हतं, भोंगा होता. पहिल्या भोंग्याला आई चूल पेटवायची, दुसऱ्याला बाबा घराबाहेर. भोंगा झाला की शाळेची तयारी, भोंगा झाला की दिवेलागण. बाबा घरी आले की त्यांच्या केसांत, भुवयांत कापूस असायचा अन् आई दारातच टॉवेलने झटकायची. आमच्या गल्लीत "मिल" म्हटलं की बाकी काही सांगावं लागत नव्हतं. मॉडेल मिल दुसरी होती, तिला मॉडेल म्हणायचे.

सुहास, तू म्हणतोस राणीचं नाव. आमच्या घरात राणी कुणाच्या मनातही नव्हती रे. एम्प्रेसचा अर्थ काय ते मला इंग्रजी चौथीत कळलं. तोवर एम्प्रेस म्हणजे बाबांची मिल. त्या नावाचा पगार घरी यायचा. राणीने नाव दिलं असेल, पण ते वापरून वापरून आमचं झालं. तलावाजवळची ती दलदलीची जागा टाटांनी भरून घेतली तेव्हा एका सावकाराने पैसे द्यायला नकार दिला, म्हणाला हा माणूस जमिनीत सोनं गाडतो आहे. पुढे त्यानेच म्हटलं की माती टाकून सोनं काढलं. ही गोष्ट बाबा आम्हाला दर दसऱ्याला सांगायचे, जसं काही ते स्वतः तिथे उभे होते.

मिल बंद पडली, आता तिथे मॉल. मुलांना मॉल दाखवू नका, तो त्यांनी तुमच्या गावात शंभरदा पाहिला आहे. तिथे बस थांबवून मिल सांगा. मी सांगेन. पण पत्रकावर मिल लिहा.

माई

---

प्रेषक: सुहास
बुधवार

माईकाकू, मी मिलबद्दल बोललो नव्हतो, तुम्हाला लागलं असेल तर माफ करा. त्या मिलने १८८६ मध्येच कामगारांसाठी पेन्शनचा निधी काढला होता, हिशेबाच्या माणसाला त्याचं मोल कळतं. बेझनबाग हे नावही त्या मिलच्या व्यवस्थापकांवरून, बेझनजी मेहतांवरून. तेव्हा मिल राहू द्या. माझा आक्षेप व्हिक्टोरिया कॉलेजला आहे आणि दोन पानांना आहे.

---

प्रेषक: प्रकाश
बुधवार

मी सहसा लिहीत नाही. कालपासून वाचून राहिलो म्हणून लिहितो.

यादीत इंग्रजांची राणी दोनदा आहे. भोसले दोनदा आहेत, महाराजबाग त्यांची बाग अन् महाल त्यांच्या वाड्यांवरून. हे शहर ज्याने वसवलं तो कुठे आहे? छिंदवाड्याजवळच्या देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह. १७०२ मध्ये त्याने नाग नदीच्या काठची बारा खेडी एकत्र करून नागपूर वसवलं. त्याच्या मुलाने, चांद सुलतानाने, राजधानी इथे आणली, तट बांधला, अन् तुमचा जुम्मा तलावही त्यानेच केला. भोसले त्यानंतर आले. रघुजी भोसले चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर वारशाचा तंटा सोडवायला म्हणून आले अन् १७४३ च्या सुमारास इथलेच झाले.

मी गोंड आहे हे मंडळातल्या बऱ्याच जणांना माहीतही नसेल. माझी मुलगी परदेशात जन्मली. तिला शाळेत विचारतात तुमचं गाव कोणाचं, तर ती सांगते मराठ्यांचं, कारण आपल्या पत्रकात तेवढंच असते. मला भोसल्यांचं नाव काढायचं नाही. राणी व्हिक्टोरियाचंही काढू नका, वंदनाताईंचं म्हणणं मला पटते. पण महालात गोंड राजाचा किल्ला आहे. महालात उतरायचंच आहे तर तिथे उतरा. अन् पहिला थांबा तो करा.

---

प्रेषक: ऋचा
बुधवार

प्रकाशभाऊंना माझं पूर्ण समर्थन.

मुलांची प्रश्नमंजूषा मी करते आहे, त्यातली खरी अडचण सांगते. माझ्या मुलाने विचारलं, तुकडोजी महाराजांचं राज्य कुठे होतं? कारण नागपूर विद्यापीठाच्या नावात राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आणि बागेच्या नावात महाराज, त्याच्या दृष्टीने दोघे राजेच. मेट्रोच्या नकाशावर झाशी राणी चौक, छत्रपती चौक, अग्रसेन चौक. त्याने तिघांनाही नागपूरचे राजे करून टाकलं. राजा कोण, संत कोण, व्हाइसरॉय कोण, हे एका ओळीत लिहिलंत तर मला फार मदत होईल.

आणि महालात उतरल्यावर स्वच्छतागृह कुठे आहे? हे सगळ्यात महत्त्वाचं आहे.

---

प्रेषक: वंदनाताई
बुधवार, दुपार

प्रकाशभाऊ, बख्त बुलंद यादीत नव्हता ही माझीच चूक. तीन वर्षं ती यादी मी जपली आणि एकदाही त्या बाजूने पाहिली नाही. पहिला थांबा गोंड राजाचा किल्ला. माझी संमती आहे असं नव्हे, मीच सुचवते आहे असं लिहा.

महालात आहोतच तर एक भर. नाव फक्त इमारतींनाच मिळतं असं नाही. भोसल्यांच्या बाकाबाईचं नाव नागपूरच्या लोकांनी मारबतीला, म्हणजे मिरवून जाळायच्या पुतळ्याला दिलं. इंग्रजांशी हातमिळवणी केली म्हणून तिच्या निषेधाची काळी मारबत निघते, १८८१ पासून, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, "घेऊन जा गे मारबत" म्हणत. त्याच घराण्याच्या दुसऱ्या रघुजींनी मुलांसाठी तान्हा पोळा सुरू केला असं सांगतात, आणि लाकडी बैल घेऊन पोरं आजही निघतात. एका घराण्याची दोन नावं, एक पोरांच्या हातातल्या बैलात आणि एक जळणाऱ्या पुतळ्यात. हे मला बसमध्ये सांगायला दहा मिनिटं हवीत. डिसेंबरात मारबत नाही, पण गल्ल्या त्याच आहेत.

आणि १८५३ च्या डिसेंबरातच तिसरे रघुजी वारले. वारस नाही म्हणून पुढच्या वर्षी डलहौसीने राज्य खालसा केलं. तीही तारीख मुलांना सांगेन.

---

प्रेषक: माईकाकू
बुधवार

वंदना, मारबत आमच्या घरासमोरून जायची तेव्हा आजी आम्हाला दारात उभं करायची, की घरातली इडापिडा जाऊ दे. बाकाबाई वगैरे तिला ठाऊक नव्हतं. पण दहा मिनिटं घे तू.

---

प्रेषक: हेमंत
बुधवार, संध्याकाळ

सगळ्यांचं वाचलं. आज दुपारी ड्रायव्हरदादांना घेऊन एक फेरी मारून आलो, म्हणून आता ठामपणे लिहितो.

पत्रक एकच पान. प्रत्येक थांब्याला आधी लोकांच्या तोंडचं नाव मोठ्या अक्षरात, म्हणजे ड्रायव्हर आणि रिक्षावाला चुकणार नाही. खाली लहान अक्षरात ते कोणाच्या नावाचं आणि कधीचं, एवढी एकच ओळ. सुहास, पैसे वाढत नाहीत, छापणाऱ्याला विचारून घेतलं.

१. गोंड राजाचा किल्ला, महाल. खाली: बख्त बुलंद शाह, १७०२. भोसल्यांचं महालही याच थांब्यात. वंदनाताईंची दहा मिनिटं इथे.

२. गांधीसागर, म्हणजे जुम्मा तलाव. खाली: चांद सुलतान. जुम्मा म्हणजे शुक्रवार, म्हणूनच शुक्रवारी तलाव हेही नाव. तिन्ही नावं एका ओळीत बसली.

३. एम्प्रेस मिल. खाली: मॉलचं पुढचं दार, मुख्य रस्त्याकडचं. हे ठळक केलं आहे. माईकाकू बोलतील.

४. सीताबर्डीचा किल्ला, बाहेरूनच. आत सामान्यांना २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टलाच सोडतात, तेव्हा डिसेंबरात दाराशी जाऊन हट्ट धरू नका, मागच्या वेळी तसं झालं होतं. राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी भारतभेटीत याच टेकडीवरून लोकांसमोर आले होते, ते खाली उभं राहून सांगू. १८१७ ची आप्पासाहेब भोसल्यांची लढाईही इथलीच.

५. महाराजबाग. खाली: महाराज म्हणजे भोसले राजे. ऋचा, तुझ्या मुलासाठी.

६. सायन्स कॉलेज. खाली: राणी व्हिक्टोरियाच्या नावाने, १९०६. सुहास, मोठ्या अक्षरात सायन्स कॉलेज आहे, राणी खालच्या ओळीत. एवढं चालवून घे.

ऋचा, महालात स्वच्छतागृहाची सोय एका ओळखीच्या घरी केली आहे, पत्ता बसमध्ये सांगतो, यादीवर टाकत नाही.

---

प्रेषक: सुहास
बुधवार

चालते.

---

प्रेषक: प्रकाश
बुधवार, रात्र

हेमंत, एकच दुरुस्ती. "बख्त बुलंद शाह, १७०२" याच्या पुढे "देवगड" टाक. जागा नसेल तर माझं काही म्हणणं नाही, पण मुलीला देवगड कुठे ते नकाशावर दाखवायचं आहे.

---

प्रेषक: हेमंत
बुधवार, रात्र

टाकलं. छापायला दिलं. बस रविवारी सकाळी आठला निघेल. माईकाकू, तुमची जागा दाराजवळ धरली आहे, एम्प्रेसला सगळ्यात आधी तुम्ही उतराल.