मदत हवी आहे: सावकाश व्हीली (पुढचं चाक उचलून फक्त मागच्या चाकावर बाईक चालवणं) शिकताना मागच्या ब्रेकवर पाय राहत नाही

नमस्कार मंडळी. गाडी हिरोची एक्सपल्स २०० बाईक. मामांच्या पडीक रानात हेल्मेट, गार्ड घालून महिनाभर सराव करतोय, रस्त्यावर अजिबात नाही. पहिल्या गिअरमध्ये, चालण्याच्या वेगात क्लच सोडला की पुढचं चाक फूटभर उचलतं. पण तोल सापडायच्या आतच माझ्याकडून थ्रॉटल जास्त पिळला जातो, गाडी पळते आणि उजवा पाय मागच्या ब्रेकवरून सुटतो. चाक खाली आणणारा तोच ब्रेक! परवा मागे पडता पडता वाचलो, तेव्हापासून धास्ती बसलीय.

ब्रेकची सवय पायात भिनावी म्हणून काय करू? बसून शिकू की उभं राहून? पुढचं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं इंजिनकडचं दातेरी चाक) एक दात कमी केलं तर सोपं जाईल का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.