‘इव्हेंच्युअली’ला ‘शेवटी’ म्हणावं का?

धरमपेठवाला: कालतर्कात (टेम्पोरल लॉजिक, म्हणजे काय केव्हा घडावं हे मांडणारं तर्कशास्त्र) अटी लिहून द्यायच्या आणि त्या पाळणारी यंत्रणा संगणकानंच रचायची, यावर मराठीत टिपण लिहून राहिलो. सिंथेसिसला ‘संश्लेषण’ घेतलं, ‘ऑलवेज’ला ‘सदैव’. ‘इव्हेंच्युअली’ला ‘शेवटी’ लिहिलं तर एक सर म्हणाले, चुकलं. काऊन?

महालकर: सर बरोबर आहेत भाऊ. ‘शेवटी’ म्हटलं की गोष्ट संपली. इथे यंत्रणा थांबतच नाही, शेवट आणायचा कुठून? संगणकशास्त्रज्ञ अमीर प्नुएलींनी 1977 मध्ये हे तर्कशास्त्र प्रोग्रामांना लावलं, ते अशा अखंड चालणाऱ्यांना फार कामी आलं. ‘कधीतरी’ही नको, ते मागेही पाहतं: ‘कधीतरी सेमिनरी हिल्सला गेलो होतो.’ ‘केव्हा ना केव्हा’ घ्या.

बर्डीकर: आपलं नागपुरी ‘येऊन राहिलो’ आठवा. मित्र फोनवर म्हणतो आणि घरीच बसलेला असतो. पण तासभर वाट पाहूनही तो येणारच नाही हे सिद्ध होत नाही, पुढच्या मिनिटाला टपकेल! ‘केव्हा ना केव्हा’ची अट अशीच. ‘दोन गाड्या एका रुळावर कधीच नकोत’ ही मोडली, तर मोडल्याचा क्षण बोट ठेवून दाखवता येतो.

महालकर: ‘पर्यंत’लाही जपा. ‘गाडी येईपर्यंत फाटक बंद.’ गाडी आलीच नाही तर? मराठी ‘पर्यंत’ हमी देत नाही. कालतर्कातलं नेहमीचं ‘अंटिल’ देतं. ‘आणि गाडी येतेच’ हे वेगळं लिहावं लागेल.

धरमपेठवाला: आणि ‘डिस्ट्रिब्युटेड’? ‘वितरित’ला रेशन दुकानाचा वास येते.

महालकर: ‘विखुरलेली’ म्हणा, पण नुसतं अंतर महत्त्वाचं नाही. प्रत्येकाला थोडंच दिसतं, ही खरी गोम. हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई मार्ग आपल्या नागपुरात मिळतात. समजा दोन केबिन आहेत, प्रत्येकाला आपलाच मार्ग दिसतो, मधे फोन नाही. एकाच अटीवरून दोघांचे नियम रचायचे. एकट्या घटकासाठी हे जमतं, पण अट लांबली की वेळ दुहेरी घातांकानं (घातावर पुन्हा घात, असा झपाट्यानं) वाढतो, हे प्नुएली आणि रोझनर यांनी 1989 मध्ये दाखवलं. विखुरलेल्यांसाठी मात्र असे नियम मुळात आहेत का, एवढं ठरवणारी सर्वसाधारण पद्धतच असू शकत नाही, हे त्याच दोघांनी 1990 मध्ये. घटक साखळीसारखे एकामागे एक असतील तर ठरवता येतं, तेही भयंकर खर्चात.

धरमपेठवाला: बाप्पा! मग ‘विखुरलेली’च. ‘वितरित’ कंसात टाकू?

बर्डीकर: टाका, नाहीतर परीक्षावाले शोधत बसतील.