जाळ करू नका, आधी पोळं आहे का ते बघा
काल दुपारपासून तुमच्या गॅलरीत मधमाश्यांचा घोस लटकलाय, काय करू असं तुम्ही विचारलंय, आणि वरच्या उत्तरात एकांनी रात्री रॉकेलचा बोळा पेटवायला सांगितलाय. कळकळीने सांगते, तसलं काही करू नका. आग लागायची भीती आहेच, शिवाय चवताळलेल्या आग्या माश्या शेजारच्या पोराबाळांनाही सोडत नाहीत.

आधी लांबूनच नीट बघा. मेणाचं पोळं दिसतंय का? नुसत्याच माश्या असतील तर तो विसाव्याला थांबलेला थवा आहे. राणी मधे असते, काही माश्या नवी जागा शोधत फिरत असतात. बहुतेकदा एक-दोन दिवसांत सगळ्या उठून जातात.

आमच्या सज्जाखाली मात्र आग्यामोहोळच बसलं होतं. कुणी खिडकीशी हललं की पोळ्यावर काळी लाट सर्रकन फिरायची, ती त्यांची ताकीद. आम्ही खिडकी बंद ठेवली आणि त्या बाजूचा दिवा रात्री लावलाच नाही, कारण उजेडावर त्या घरात येतात. मग पोळं न जाळता काढणाऱ्या जाणकाराला बोलावलं. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिथे विचारून बघा.

चावलीच तर काटा नखाने लगेच खरवडून काढा आणि तिथून दूर जा. चिरडलेल्या माशीच्या आणि काट्याच्या वासाने बाकीच्या धावून येतात. घशाला सूज, धाप किंवा चक्कर आली तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.