अखिल भारतीय वार्षिक सभेला नागपूरहून सहा जणी जाणार, तयारीबद्दल सल्ला हवा

प्रतापनगर_मंडळ
नमस्कार मैत्रिणींनो. आमचं महिला मंडळ नोंदणीकृत आहे आणि एका अखिल भारतीय महिला संस्थेची शाखा म्हणून संलग्न आहे. यंदाची वार्षिक राष्ट्रीय सभा दिल्लीत आहे, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, तीन दिवस. चार मतदार प्रतिनिधी आणि दोन निरीक्षक पाठवायचं ठरतंय. सगळ्या पंचेचाळिशीच्या पुढच्या, त्यातल्या तिघींनी साठी ओलांडलेली. अध्यक्षताई सोडल्या तर आधी कुणीच गेलेलं नाही. बाजारपेठांतल्या स्त्रियांच्या स्वच्छतागृहांवर एक ठराव मांडायचा आहे, शिवाय शाखांच्या विक्री-प्रदर्शनात एक टेबल मिळतंय. कुठून सुरुवात करू आणि नेमकं कशात अडकतं?

महाल_सचिव
सुरुवात संलग्नता शुल्कापासून करा, गाडीपासून नाही. शुल्क थकलेलं असलं तर बहुतेक संस्थांच्या घटनेत शाखेचा मतदानाचा हक्क थांबतो, आणि हे प्रतिनिधींना कळतं ते नोंदणीच्या टेबलावर, दिल्लीत पोचल्यावर. मागच्या वर्षाची आणि चालू वर्षाची अशा दोन्ही पावत्या काढून बघा. पैसे भरताना मंडळाच्या बँक खात्यातूनच भरा. एखादीने घाईत स्वतःच्या फोनवरून भरले की पावती तिच्या नावाने येते आणि शाखेच्या खात्यावर ती रक्कम दिसतच नाही.

मग केंद्रीय संस्थेची घटना उघडा आणि प्रतिनिधींचं कलम वाचा. किती सभासदांमागे एक मत, हे तिथे असतं. मोजणी तुमच्या रजिस्टरातल्या नावांवर होत नाही, ज्यांची वर्गणी वर पाठवली तेवढ्यांवरच होते. चार मतं खरोखर आहेत का, याची केंद्रीय कार्यालयाकडून ईमेलवर लेखी खात्री करून घ्या. फोनवरचं ‘हो’ पुरत नाही.

त्यानंतर कार्यकारिणीची सभा. ठराव असा लिहा: “दि. … रोजी होणाऱ्या वार्षिक राष्ट्रीय सभेसाठी श्रीमती …, …, …, … यांची मतदार प्रतिनिधी म्हणून आणि श्रीमती … यांची पर्यायी प्रतिनिधी म्हणून निवड करण्यात येत आहे. सूचक …, अनुमोदक …, ठराव सर्वानुमते मंजूर.” पर्यायीचं नाव विसरू नका. ऐनवेळी कुणाच्या घरी आजारपण आलं तर त्याशिवाय ते मत वाया जातं. या ठरावाची खरी प्रत लेटरहेडवर, सचिव आणि अध्यक्षांची सही, मंडळाचा शिक्का. तेच तुमचं अधिकारपत्र. मूळ प्रत एकीकडे, झेरॉक्स दुसरीकडे. दोन्ही एकाच पर्समध्ये नकोत.

दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. एक, नावं. आधारवर माहेरचं नाव, मंडळात सासरचं, फॉर्मवर नुसतं ‘सौ.’ लावून तिसरंच. फॉर्म, रेल्वे तिकीट, खोलीचं बुकिंग आणि अधिकारपत्र या चारही ठिकाणी आधारवरचंच नाव घाला. दोन, सह्या. यंदा पदाधिकारी बदलले असतील तर केंद्रीय कार्यालयाकडे जुन्या सचिवांचीच सही नोंदलेली असते. नव्या पदाधिकाऱ्यांची नावं आणि नमुना सह्या महिनाभर आधी पाठवा. त्याच बदलाचा फेरफार अर्ज धर्मादाय कार्यालयात 90 दिवसांत द्यायचा असतो, तोही हातासरशी उरकून घ्या.

गाडीवेळ
रेल्वेचं सांगतो. आरक्षण 60 दिवस आधी सकाळी 8 वाजता उघडतं, प्रवासाचा दिवस सोडून. पण दिवस मोजायचे ते गाडी मूळ स्टेशनवरून निघते त्या तारखेपासून. केरळ एक्स्प्रेस किंवा तमिळनाडू एक्स्प्रेस नागपूरला येते ती आदल्या दिवशी निघालेली, म्हणून तिचं आरक्षण आपल्यासाठी एक दिवस आधीच उघडतं. 10 डिसेंबरला नागपूरहून बसायचं असेल तर या गाड्यांना 10 ऑक्टोबर, आणि तेलंगणा एक्स्प्रेस हैदराबादहून त्याच दिवशी निघते म्हणून तिला 11 ऑक्टोबर. पुष्कळ जण या एका दिवसाने चुकतात आणि वेटिंगवर जातात.

सहा जणींचं एकच तिकीट काढू नका. 45 वर्षांवरच्या स्त्रियांना खालच्या बर्थचा कोटा आहे, पण एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तर. म्हणून दोघी-दोघींची तीन तिकिटं, आणि तिकीट काढताना कोट्यात ‘लोअर बर्थ’ निवडायचं. सहा जणींचं एकत्र काढलं की हा कोटा लागत नाही आणि साठीच्या बाई वरच्या बर्थवर जातात. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च 2020 पासून बंद आहे, ती अंदाजपत्रकात धरू नका.

आयआरसीटीसीचं खातं आधारशी आधीच जोडून ठेवा. आरक्षण उघडल्यावर सुरुवातीच्या वेळेत आधार-प्रमाणित खात्यालाच तिकीट मिळतं.

या सगळ्या गाड्या दक्षिणेतून येतात, त्यामुळे नागपूरच्या वाट्याला येणाऱ्या जागा मोजक्याच. वेटिंग आलं तर त्यापुढची अक्षरं बघा. जीएनडब्ल्यूएल (सर्वसाधारण वेटिंग) असेल तर आशा ठेवा, आरएलडब्ल्यूएल किंवा पीक्यूडब्ल्यूएल (मधल्या स्टेशनांच्या मोजक्या कोट्यातलं वेटिंग) असेल तर दुसरी गाडी बघा. सेवाग्राम किंवा बल्लारशाहहून जागा दिसत असेल तर तिथून तिकीट काढून बोर्डिंग नागपूर टाकता येतं. भाडं थोडं जास्त पडतं, पण तिकीट काढतानाच बोर्डिंग नागपूर टाका, नाहीतर टीटीई मागच्या स्टेशनवर जागा रिकामी समजतो.

आणखी एक. पर्यायी प्रतिनिधीला दुसरीच्या तिकिटावर जाता येत नाही. तिकिटावरचं नाव कुटुंबातल्या माणसासाठी बदलून मिळतं, मंडळातल्या मैत्रिणीसाठी नाही. पर्यायीचं तिकीट वेगळं काढून ठेवायचं की तत्काळवर भरवसा ठेवायचा (गाडी मूळ स्टेशनवरून निघायच्या आदल्या दिवशी, एसीचं सकाळी 10 ला, स्लीपरचं 11 ला), हे कार्यकारिणीत आधीच ठरवा.

सभेच्या आदल्या दिवशी सकाळी दिल्लीत पोचणारी गाडी धरा. धुकं पडलं की मथुरेच्या पुढे गाड्या रेंगाळतात. नोंदणीच्या दिवशीच पोचायचा बेत आखला तर अधिकारपत्र तपासणीची वेळ निघून जाते. आणि गाडी नवी दिल्लीला जाते की हजरत निजामुद्दीनला ते बघूनच राहायची जागा ठरवा.

इतिवृत्त
स्वच्छतागृहांचा ठराव मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हा ठराव ‘केंद्र सरकारने स्वच्छतागृहं बांधावीत’ असा गेला तर तिथेच मरतो. सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छता हा राज्यसूचीतला विषय आहे. त्यातही सार्वजनिक स्वच्छतागृहं घटनेच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे 74 व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांकडे दिलेल्या कामांत, नागरी सुविधांच्या नोंदीत येतात. त्यामुळे मागणी कुणाकडे, हे पहिल्याच ओळीत नीट लिहा: राज्य सरकारांनी महापालिका व नगरपालिकांना असे निर्देश द्यावेत की… आणि पुढे एकच मागणी. उदाहरणार्थ, प्रत्येक अधिसूचित बाजारपेठेत स्त्रियांसाठी पाण्यासह, आतून कडी असलेलं, बाजार सुरू असेपर्यंत उघडं राहणारं स्वच्छतागृह, आणि त्याच्या देखभालीची वेगळी तरतूद अंदाजपत्रकात. ‘देखभालीची तरतूद’ हे शब्द जाऊ देऊ नका. बांधून कुलूप लावलेली स्वच्छतागृहं सीताबर्डीत काय आणि दुसऱ्या शहरात काय, याच एका कारणाने बंद पडतात: बांधकामाला पैसा असतो, झाडूवालीच्या पगाराला आणि पाण्याच्या बिलाला नसतो.

ठराव कसा असावा याचा नमुना आपल्याच शहरात आहे. जुलै 1942 मध्ये नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली होती, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. बाबासाहेब आंबेडकर तिथे 20 जुलैला बोलले. त्या परिषदेने घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, कामगार स्त्रियांना रजा अशा मागण्या थेट, नाव घेऊन केल्या. ‘स्त्रियांची उन्नती व्हावी’ अशी गोल भाषा तिथे नव्हती.

मसुदा एका पानाच्या आत ठेवा. प्रस्तावनेची दोन वाक्यं, मग मागणी, मग पाठपुरावा कोण करणार. हिंदी आणि इंग्रजी दोन्ही प्रती मुदतीच्या आत पाठवा. मुदत चुकली की ठराव ‘आयत्या वेळचे विषय’मध्ये जातो. तो अध्यक्षांच्या परवानगीवर अवलंबून, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी निम्म्या जणी गाडी पकडायला उठलेल्या असतात. गणपूर्तीच राहत नाही.

मांडायला दोन ते तीन मिनिटं मिळतात. मोठ्याने, सावकाश वाचलं तर मिनिटाला साधारण 110 शब्द होतात, म्हणजे तीनशेच्या आत बसवा आणि घड्याळ लावून वाचून बघा. सूचक एक, अनुमोदक दुसऱ्या राज्यातल्या शाखेची. ती आदल्या रात्री जेवणाच्या वेळी गाठून ठेवायची.

प्रतापनगर_मंडळ
खूप उपयोगी. पण दुसऱ्या एखाद्या शाखेचाही असाच ठराव असेल तर? आणि सभेत कुणी उपसूचना आणली तर आमच्या चौघींनी काय करायचं?

इतिवृत्त
विषयपत्रिकेत तसाच ठराव दिसला तर आधीच त्या शाखेला फोन करून संयुक्त ठराव करा. सभेत एकासारखे दोन आले की वेळेअभावी दोन्ही विषय-समितीकडे जातात आणि तिथून मवाळ होऊन बाहेर येतात.

उपसूचनेसाठी कार्यकारिणीकडून आधीच लेखी सूचना घेऊन जा: काय बदललं तरी चालेल आणि काय सोडायचं नाही. समजा ‘अधिसूचित बाजारपेठ’ऐवजी ‘आठवडी बाजारही’ असं कुणी सुचवलं, तर स्वीकारा, मागणी वाढतेच आहे. ‘शक्य असेल तिथे’ हे शब्द घालायला कुणी सांगितलं तर विरोधात मत द्या, त्या तीन शब्दांनी सगळी मागणी पोकळ होते. चारही मतं एका बाजूने पडायला हवीत, कारण ती शाखेची मतं आहेत. मतदान आधी उपसूचनेवर होतं, मग मूळ ठरावावर. पहिल्यांदा आलेल्या जणी इथे गोंधळतात आणि उपसूचनेलाच मूळ ठराव समजून हात वर करतात. अध्यक्ष काय मतास टाकताहेत हे ऐकू आलं नाही तर उभं राहून विचारायचं, त्यात कमीपणा नाही. मतदानानंतर ‘ठराव दुरुस्तीसह मंजूर’ अशी नोंद झाली का, ते तिथल्या तिथे सचिवांना विचारून घ्या.

इतवारी_बाजार
टेबलाचं मी सांगते न. डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री असतात, म्हणून सगळ्या संत्र्याच्याच मागे लागतात. पण नागपुरी संत्र्याची साल सैल असते, खालचा थर दबला की रस सुटतो आणि पेटीभर बुरशी. न्यायचीच असतील तर कळमन्याच्या बाजारातून घट्ट, देठाची टिकली शाबूत असलेली निवडा, धुवू नका, भोकं असलेल्या पुठ्ठ्याच्या पेटीत दोनच थर लावा, मध्ये कोरडा कागद. ती पाहुण्यांना द्यायला ठेवा, विकायला नको.

विकायला तिखट-हळद बरी. भिवापुरी मिरचीचं तिखट आणि वायगावची हळद, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. एका कार्डावर गावाचं नाव, जिल्हा आणि दोन ओळी लिहून ठेवा, बाया थांबून वाचतात. 100 आणि 200 ग्रॅमचीच पाकिटं करा, कारण घेणारीलाही गाडीने परत जायचं असते. तिखट दुहेरी पिशवीत, नाहीतर बॅगेतले कपडे लाल. सांडगे, कुरडया स्टीलच्या डब्यात न्या, पिशवीत चुरा होऊन जाते.

खायचं काही विकणार असाल तर बनवणाऱ्या गटाची एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण) नोंदणी पाहिजे आणि पाकिटावर क्रमांक, बनवल्याची तारीख, वजन, किंमत. आयोजक विचारून राहिले आजकाल. एसी थ्री टियर किंवा स्लीपरला माणशी 40 किलो सामान चालते, पण सगळा माल एकीच्याच अंगावर घालू नका, सहा जणींत वाटा. क्यूआर कोड मंडळाच्या खात्याचा. दहा-वीसच्या नोटा दोन हजाराच्या तरी सुट्या घेऊन जा.

सदर_परिचारिका
थोडक्यात: बीपी-शुगरच्या गोळ्या पाच दिवस जास्तीच्या, हातातल्या पर्समध्ये, मोठ्या बॅगेत नाही. दिल्लीची सकाळ नागपूरपेक्षा बोचरी असते, सभागृहात तासन्‌तास बसून पाय गार पडतात, म्हणून मोजे आणि कानटोपी. इन्सुलिन घेणारी असेल तर जेवणाची वेळ आयोजकांना आधी विचारा, उद्घाटन लांबलं की जेवण तीनला जातं. खोली तळमजल्यावर किंवा लिफ्टजवळ हवी हे नोंदणी फॉर्मवरच लिहा.

खजिनदार_धरमपेठ
हिशेबाचं कुणी बोललं नाही. निघण्याआधी कार्यकारिणीत दर मंजूर करा: कोणत्या वर्गाचं भाडं, रिक्षा-टॅक्सी किती, दैनिक भत्ता किती. नोंदणी शुल्कात जेवण धरलेलं असेल तर त्या दिवसांचा पूर्ण भत्ता देऊ नका, ऑडिटर हमखास विचारतात. निरीक्षकांचा खर्च मंडळ करणार की त्या स्वतः, हेही ठरावातच येऊ द्या.

उचल एकीच्याच नावाने द्या. रोख 5000 रुपयांच्या वर असेल तर पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून सही. रिक्षाची पावती मिळत नाही, म्हणून कुठून कुठे, तारीख, रक्कम असं व्हाउचर त्याच दिवशी रात्री लिहायचं. टेबलाच्या विक्रीचे पैसे त्या उचलीत मिसळू नका. विक्रीला वेगळं पावतीपुस्तक, आणि परत आल्यावर सगळी रक्कम आधी बँकेत भरायची, त्यातून खर्च भागवायचा नाही. उचल 15 दिवसांत मिटवा.

प्रतापनगर_मंडळ
सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचा एक प्रश्न: दोघी निरीक्षकांना मत नाही, तर त्यांनी तीन दिवस काय करायचं?

महाल_सचिव
त्यांच्याकडे इतिवृत्त द्या. प्रतिनिधी मतदानात गुंतलेल्या असतात, त्यांना लिहायला होत नाही. एकीने ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक, मतं आणि मंजूर झालेले अंतिम शब्द टिपायचे. दुसरीने शाखांचे अहवाल ऐकून, आपल्याकडे करता येण्यासारखा उपक्रम ज्या शाखेचा असेल तिच्या सचिवांचा संपर्क घ्यायचा. बसायची जागा वेगळी असते, बहुतेक मागे किंवा बाजूला, म्हणून पहिल्याच दिवशी ध्वनिक्षेपक नीट ऐकू येईल अशी खुर्ची धरायची. परतल्यावर आठवडाभरात मासिक सभा लावा आणि दोघींच्या वह्यांवरून अहवाल वाचा. केंद्राचं छापील इतिवृत्त यायला महिने लागतात, तोवर महापालिकेला द्यायचं निवेदन तुमच्या वहीतल्या शब्दांवरच लिहावं लागेल.