मटण थाळी येते, बेकरीही शिकावी का?

प्रश्न: कोल्हापुरी थाळीचं काम पक्कं येतं. बेकरी शिकून रश्शाला काय उपयोग?

उत्तर १: वजनाची शिस्त लागते. पावाला १ किलो मैद्यामागे २० ग्रॅम मीठ. तसंच तांबड्या रश्शाचं मीठ, कांदा-लसूण चटणी लिटरमागे ग्रॅममध्ये लिहून ठेवा. मुठीच्या मापानं चव रोज बदलते.

उत्तर २: खरा फायदा पांढऱ्या रश्शात! कस्टर्ड ८५ अंशांपुढे गेलं की अंड्यातलं प्रथिन आकसून गुठळ्या होतात. नारळाचं दूधही खळखळून उकळलं की फुटतं. अळणीत (मटण शिजवलेल्या पाण्यात) काजू-खसखशीचं वाटण आधी शिजवा, मग आच मंद करून नारळाचं दूध शेवटी घाला आणि ढवळत राहा. झाकण नको.

उत्तर ३: जरूर शिका, फक्त ओव्हनचं तापमान थर्मामीटरनं तपासा. डायलवर विसंबलात तर पाव वरून करपतो, आत कच्चा राहतो.