विषय: कुके गेटवर दही अडवतात का? (आणि निळा कूलबॉक्स कुठाय)

मंदार, मंगळवार, रात्री 10:52

मंडळी, शनिवारी पहाटे चारला निघतोय. मार्टिन्स ड्रिफ्टला सरहद्द ओलांडून बोट्स्वाना, तिथे नाटा, माउन, मग घांझीवरून नामिबियात विंधुक. या वेळी आई-बाबा बरोबर आहेत, म्हणजे बाहेरचं जेवण जवळपास नाहीच. आषाढी एकादशी माउनमध्ये येते. साबुदाणा, वरी, दाण्याचं कूट, शेगडी, सगळं भरून झालं. घोडं दह्यापाशी अडलंय. आई दोन किलोचा डबा लावून नेणार म्हणते, कारण बाबांचं जेवण ताकाशिवाय संपत नाही. माउनहून घांझीकडे जाताना कुकेचं व्हेटर्नरी गेट लागतं, तिथे काढून घेतात असं गणपतीत कोणीतरी म्हणालं होतं. जे स्वतः जाऊन आलेत त्यांनीच सांगा. ऐकीव नको.

आणि मंडळाचा निळा कूलबॉक्स सध्या कोणाकडे आहे?

वसंतकाका, मंगळवार, रात्री 11:20

मंदार, भानगड लाळ्या-खुरकुताची आहे. उत्तरेकडच्या रानम्हशींच्या अंगात तो रोग असतो, आणि बोट्स्वानाचं बीफ युरोपात जातं. म्हणून मध्ये तारेची कुंपणं आणि गेटं. उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना कच्चं मांस आणि न तापवलेलं दूध आणू देत नाहीत. वहिनी दूध तापवूनच विरजतात ना? मग नियमाने तुमचं दही अडवायचं कारणच नाही. मी चार वेळा गेलोय, एकदाही अडवलं नाही.

शुभांगी, बुधवार, सकाळी 6:35

काका, तुम्ही चारही वेळा फ्रिजमध्ये फक्त बिअर नेली होती, म्हणून नाही अडवलं.

नियम बरोबर आहे, पण दूध तापवलं होतं की नाही हे स्टीलचा डबा उघडून कोणाला कळणार? आमचा सव्वा किलो चक्का असाच एका गेटवर अडला. लेबल नाही, पावती नाही. बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, इथे खाऊन टाका, नाहीतर ठेवून जा. सासूबाईंनी तिथल्या तिथे डिकीवर डबा ठेवला, चहाची साखर ओतली आणि वेलदोडे दाताने सोलले. पाच माणसांनी उभ्या उभ्या तो चक्का संपवला. धाकट्याला पुढे घांझीपर्यंत तीनदा गाडी थांबवावी लागली. आमच्या घरी अजून कोणी श्रीखंड म्हणत नाही.

तुपाचं मात्र कोणी विचारलं नाही.

हो, जास्तीच्या चपला, बूट हाताशी ठेवा. सोड्याच्या पाण्यात भिजवलेल्या पोत्यावर पायातलेच नाही, डिकीतलेही बुडवायला लावतात. सासूबाईंच्या कोल्हापुरीचं काय झालं ते विचारू नका.

नितीन, बुधवार, सकाळी 9:10

एवढं काय त्यात? सीटखाली सरकवून द्यायचं.

अश्विनी, बुधवार, सकाळी 9:14

नितीन, असले सल्ले लिस्टवर नकोत. तिथल्या लोकांची गुरं म्हणजे त्यांची बँक असते. आणि पकडलं तर नाव आपल्या सगळ्यांचं खराब होतं.

मी नऊ वर्षं गॅबोरोनला होते. मंदार, दही नेऊच नकोस. बोट्स्वानात दुकानात मडिला म्हणजे आंबवलेलं दूध मिळतं, पिशवीत किंवा डब्यात. इथे दक्षिण आफ्रिकेत मिळणाऱ्या मासचंच भावंड, पण जास्त घट्ट नि आंबट. मीठ, जिरेपूड आणि दुप्पट पाणी घालून घुसळलं की तुझ्या बाबांना मठ्ठाच वाटेल. माउनमधलं माउनमध्ये संपवायचं, गेट ओलांडलं की घांझीत नवीन घ्यायचं. त्याचंच चमचाभर विरजण घालून खोक्यातल्या दुधाचं दही चांगलं लागतं. पण जुलैत कलाहारीत रात्री कडाक्याची थंडी असते. डबा शालीत गुंडाळून कोणाच्या तरी स्लीपिंग बॅगेत घालायचा. आम्ही मुलांना पाळ्या लावल्या होत्या.

चुकून साधं योगर्ट घेतलंत तर मागचं लेबल वाचा. आपल्याकडच्या पुष्कळ योगर्टमध्ये जिलेटिन असतं, एकादशीला गळ्याशी येईल.

कांदे-बटाटे, रताळी इथून नेऊ नका. 2022 मध्ये त्यांनी भाज्यांच्या आयातीवर बंधनं घातली, तेव्हापासून मी सगळं तिथेच घेते.

नितीन, बुधवार, सकाळी 9:40

गंमत केली हो ताई.

वसंतकाका, बुधवार, दुपारी 1:05

बिअरचा उल्लेख अनावश्यक होता. बरोबर रूईबॉस चहाही होता.

खरा मुद्दा पाण्याचा आहे, तो कोणीच काढला नाही. विंधुकमध्ये 1968 पासून सांडपाणी शुद्ध करून नळाच्या पाण्यात मिसळतात. असं करणारं ते जगातलं पहिलं शहर. मी दोन आठवडे नळाचं प्यायलो, ठणठणीत आहे. फक्त मंदारच्या आईंना हे सांगू नका, त्या पाणीच सोडतील.

शुभांगी, बुधवार, दुपारी 1:09

काका, त्या ही लिस्ट वाचतात.

सुहास, बुधवार, दुपारी 2:30

भाकरीचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. माबेले म्हणजे आपली ज्वारीच. पीठ जाडसर असतं, चाळून घ्या आणि उकळत्या पाण्यात उकड काढा, नाहीतर थापताना चिरा जातात. नामिबियात महांगूचं पीठ दिसलं तर सोडू नका, ती बाजरी आहे. मागे पोटलकच्या वेळी मी हे सांगितलं तर कोणी विश्वास ठेवला नव्हता. असो.

मंदार (आई लिहितेय), बुधवार, संध्याकाळी 7:48

नमस्कार. मी सगळं वाचलं. दोन किलो मी म्हटलंच नव्हतं, एक म्हटलं होतं. अश्विनी, मडिलाचं पटलं, पाकिटावर ते लोक कसं लिहितात तेवढं कळव. न मिळालं तर कोमट दुधात मिरच्यांची देठं टाकीन, आमच्या साताऱ्याला विरजण नसलं की तेच करतात. ज्वारीचं पीठ घरून घेतलं आहे, तेव्हा सुहास यांनी काळजी करू नये.

वसंतभावजी, विंधुकचं पाणी मी उकळून पिईन. तुम्ही दोन आठवडे प्यायलात तेव्हाच मला तुमच्या तब्येतीचं कोडं उलगडलं.

अश्विनी, बुधवार, रात्री 8:02

काकू, एम, ए, डी, आय, एल, ए, रोमन लिपीत, बहुतेक ठळक अक्षरात असतं.

नितीन, बुधवार, रात्री 8:15

निळा कूलबॉक्स माझ्या गॅरेजमध्ये आहे. झाकणाची कडी तुटलीय, दोरी बांधावी लागेल. संक्रांतीला नेला तेव्हाच तुटलेली होती, हे लिहून ठेवा. मंदार, उद्या सहानंतर ये. येताना मंडळाचं मोदकपात्र घेऊन ये, ते गणपतीपासून तुमच्याकडे आहे.