बंपरचा कान तुटलाय, ग्लू टिकतच नाहीये

मंडळी, पार्किंगच्या भिंतीला घासून पुढच्या बंपरचा स्क्रूचा कान तुटला, पेट्रोलने पुसून दोनदा सुपरग्लू लावला, दोन्ही वेळा वाळलेला ग्लू पापुद्र्यासारखा निघून आला. काय वापरू?

> बंपर आतून बघा, पीपी (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक) किंवा पीपी-ईपीडीएम (त्यात रबर मिसळलेलं) असं कोरलेलं असेल. पीपी मेणचट असतं हो, त्याला नुसता ग्लू धरतच नाही, चिकटवायचंच तर आधी पीपीचा प्रायमर मारावा लागतो. पण कानावर सगळा ताण येतो त्यामुळे मी तरी प्लास्टिक वेल्डिंगच सांगेन, रॉड पीपीचीच घ्या आणि मागून स्टीलची जाळी तापवून बसवा.

> पेट्रोल नको, तेलकट थर मागे राहतो. साबणपाणी, मग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), मग 80 नंबरचा पॉलिश पेपर, परत आयपीए, आणि नंतर बोट लावू नका.

> कधी आरशाचं कव्हर तुटलं आणि ते एबीएसचं (कडक प्लास्टिक) असेल तर टू-पार्ट इपॉक्सी मस्त धरतं. फक्त हेडलाइटच्या काचेला थिनर, अ‍ॅसिटोन लावू नका प्लीज, ते पॉलिकार्बोनेट प्लास्टिक असतं, बारीक तडे जातात.

आत्ताच टॉर्च मारून पाहिलं, पीपी-ईपीडीएमच आहे! उद्या वेल्डिंगवाल्याकडे नेतो, खूप आभार.